संगणकाला तुळई सांगताना

पूल, विमानाचा पंख, मोटारीचा सांगाडा किंवा कारखान्यातील दाबपात्र यांपैकी कोणतीही वस्तू भाराखाली किती वाकेल आणि तिच्या कोणत्या भागात किती प्रतिबल, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचे अंतर्गत बल, निर्माण होईल, याचे गणित आज बहुतेक ठिकाणी परिमित घटक पद्धतीने केले जाते. अभियंते तिला रोजच्या बोलण्यात ‘फायनाइट एलिमेंट’ किंवा नुसते ‘एफईए’ म्हणतात. या पद्धतीत अखंड वस्तू लहान लहान तुकड्यांची, म्हणजे घटकांची बनलेली आहे असे मानले जाते. हे घटक ज्या बिंदूंवर एकमेकांना जोडलेले असतात त्यांना नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोड किती सरकला हे अज्ञात धरून मांडलेली हजारो, कधी लाखो समीकरणे संगणक एकदम सोडवतो. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांच्या १९५६ सालच्या निबंधाने या पद्धतीला अभियांत्रिकीत पक्की जागा मिळवून दिली आणि १९६० साली रे क्लफ यांनी तिला आजचे नाव दिले. पद्धतीच्या गणितावर ग्रंथ विपुल आहेत. मात्र वस्तू संगणकापुढे नेमक्या कोणत्या शब्दांत आणि आकड्यांत मांडायची, या कामाची ओळख अभियांत्रिकीबाहेरच्या वाचकाला क्वचितच करून दिली जाते.

ही मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. पडद्यावर फिरणारी रंगीत आकृती पाहून संगणक तीच आकृती ‘पाहून’ उत्तर देतो असा समज होतो, परंतु प्रत्यक्षात तेथे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम काम करत असतात. प्रीप्रोसेसर नावाचा पहिला प्रोग्रॅम आकृतीवर घटकांची जाळी आखतो आणि आधार, भार व पदार्थाचे गुणधर्म नोंदवून घेतो. सॉल्व्हर नावाचा दुसरा प्रोग्रॅम समीकरणे मांडून सोडवतो. सॉल्व्हरला चित्र दिसत नाही. त्याच्या हाती येते ती पहिल्याने लिहून दिलेली, अक्षरे आणि आकडे यांनी भरलेली फाइल, आणि ती तो ओळीमागून ओळ अशी वाचत जातो. चित्रात बरोबर दिसणारी एखादी गोष्ट फाइलीत चुकीची उतरली असेल, तर उत्तर फाइलीप्रमाणे येते, चित्राप्रमाणे नव्हे.

या फाइलींची ठेवण आजच्या नजरेला जुनाट वाटते, कारण तिचा साचा पंचकार्डांच्या काळात पडला. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या कार्डावर ८० स्तंभ असत आणि प्रत्येक स्तंभात छिद्रांच्या रूपाने एक अक्षर किंवा एक अंक मावत असे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६० च्या दशकात रचनांच्या विश्लेषणासाठी नॅस्ट्रान हा प्रोग्रॅम तयार करवून घेतला, तेव्हा संगणकाला माहिती देण्याचा रूढ मार्ग कार्डांचाच होता. म्हणून त्या ८० स्तंभांचे आठ-आठ अक्षरांचे दहा कप्पे पाडण्यात आले. एका नोडचे स्थान सांगणाऱ्या ‘ग्रिड’ कार्डात पहिल्या कप्प्यात कार्डाचे नाव, दुसऱ्यात नोडचा क्रमांक, तिसऱ्यात सहनिर्देशक पद्धतीचा क्रमांक आणि चौथ्या ते सहाव्या कप्प्यांत तीन दिशांची अंतरे लिहायची असतात. कप्प्याच्या उजव्या कडेला टेकलेला आकडा टंकताना एकच स्तंभ उजवीकडे सरकला की त्याचा शेवटचा अंक शेजारच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि दोन्ही संख्या बदलतात. दशांशचिन्हाचीही शिस्त कडक आहे: चिन्ह नसलेली संख्या पूर्णांक समजली जाते, त्यामुळे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचे माप, ‘२१००००’ असा लिहिला तर नॅस्ट्रान तो नाकारतो आणि ‘२१००००.’ असा शेवटी टिंब देऊन लिहिला तर स्वीकारतो. आठ अक्षरांत मोठ्या-लहान संख्या बसवण्यासाठी घातांकाचे ‘ई’ हे अक्षर गाळून ‘७.८५-९’ असे लिहिण्याची सवलत आहे, आणि नवख्या वाचकाला ती हमखास वजाबाकी वाटते. पुढे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली मोकळी मांडणीही मान्य झाली, तरी कप्प्यांची पद्धत गेलेली नाही. मोटारींच्या टकरीचे विश्लेषण करणाऱ्या एलएस-डायना या प्रोग्रॅमच्या बऱ्याचशा ओळी आजही दहा-दहा अक्षरांच्या आठ कप्प्यांत लिहिल्या जातात. पुण्यात वाहन उद्योगासाठी असे विश्लेषण करणाऱ्या कचेऱ्यांतून ‘डेक तयार आहे, रन लावला’ अशी भाषा सर्रास ऐकू येते; डेक म्हणजे मुळात कार्डांचा गठ्ठा, मग बोलणाऱ्याने आयुष्यात एकही पंचकार्ड पाहिलेले नसो.

दुसरी वहिवाट कळशब्दांची आहे आणि ती वाचायला अधिक सोपी आहे. १९७८ साली हिबिट, कार्लसन आणि सोरेनसन यांनी सुरू केलेल्या कंपनीच्या ॲबॅकस या प्रोग्रॅममध्ये ताराचिन्हाने सुरू होणारी ओळ आदेश असते, तिच्याखालच्या ओळींत त्या आदेशाची माहिती असते, आणि दोन ताराचिन्हांनी सुरू होणारी ओळ ही माणसांसाठी लिहिलेली टीप असल्याने सॉल्व्हर ती सोडून देतो. गिडो डोंट आणि क्लाउस विटिग या दोन अभियंत्यांनी लिहिलेला कॅल्क्युलिक्स हा मोफत, मुक्त प्रोग्रॅमही जवळजवळ हीच भाषा समजतो, त्यामुळे पुढचे उदाहरण ज्याला इच्छा असेल त्याला घरच्या संगणकावर करून पाहता येईल.

एक पोलादी तुळई एका टोकाशी भिंतीत पक्की जखडलेली आणि दुसऱ्या टोकाशी मोकळी आहे असे समजू. तिची लांबी १००० मिलिमीटर, रुंदी ५० आणि उंची १०० मिलिमीटर असून मोकळ्या टोकावर १००० न्यूटन भार, म्हणजे सुमारे १०० किलोचे वजन, खाली ओढत आहे. लांबीचे दहा समान तुकडे केले, रुंदीत आणि उंचीत एकच तुकडा ठेवला, तर दहा विटांसारखे घटक आणि ४४ नोड होतात. फाइलीचा गाभा असा दिसतो:

*नोड
१, ०., ०., ०.
२, १००., ०., ०.
(याप्रमाणे ४४ ओळी)
*एलिमेंट, टाइप=सी३डी८, एलसेट=तुळई
१, १, २, १३, १२, २३, २४, ३५, ३४
(याप्रमाणे दहा ओळी)
*मटेरियल, नेम=पोलाद
*इलॅस्टिक
२१००००., ०.३
*सॉलिड सेक्शन, एलसेट=तुळई, मटेरियल=पोलाद
*बाउंडरी
बुड, १, ३
*स्टेप
*स्टॅटिक
*सीलोड
टोक, ३, -२५०.
*एंड स्टेप

येथे सोयीसाठी सर्व काही देवनागरीत छापले आहे; प्रत्यक्ष फाइलीत शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीतच लागतात, कारण सॉल्व्हरच्या दृष्टीने ‘१’ हा अंक नसून एक अनोळखी खूण आहे. ‘बुड’ आणि ‘टोक’ ही नोडांच्या गटांना दिलेली नावे असून ते गट वरच्या भागात एकेका ओळीत ठरवून द्यावे लागतात: भिंतीकडच्या चार नोडांचा एक, मोकळ्या टोकाच्या चार नोडांचा दुसरा. ‘बुड, १, ३’ या ओळीचा अर्थ भिंतीकडचे नोड पहिल्या ते तिसऱ्या, म्हणजे तिन्ही दिशांना अचल आहेत, असा होतो. ‘३’ ऐवजी ‘१’ लिहिले गेले तर तुळई फक्त लांबीच्या दिशेने धरली जाते, उरलेल्या दोन दिशांना तिला अडवणारे काहीच राहत नाही, आणि समीकरणांना एकमेव उत्तर नसल्याने सॉल्व्हर आव्यूह एकात्म, म्हणजे न सुटणारा, झाल्याची तक्रार करतो. ही चूक त्या मानाने बरी, कारण ती स्वतःहून ओरडते.

भाराची ओळ तेवढी प्रामाणिक नाही. एखाद्या गटावर बिंदुभार सांगितला की तो गटातल्या प्रत्येक नोडावर तेवढाच्या तेवढा लागू होतो, वाटून दिला जात नाही. टोकाला चार नोड आहेत म्हणून वर २५० लिहिले आहे. ‘एकूण भार हजार’ हे डोक्यात ठेवून कोणी तेथे १००० लिहिले, तर तुळईवर ४००० न्यूटन पडतात, गणित बिनबोभाट पुरे होते आणि सर्व उत्तरे चौपट येतात. यावर खात्रीचा उपाय एकच आहे: आधारांवरच्या प्रतिक्रिया छापायला सांगून त्यांची बेरीज लावलेल्या भाराइतकी येते का, हे पाहणे. बेरजेच्या या पडताळणीला मिनिटभर वेळ लागतो आणि तरीही ती सर्वांत जास्त वेळा टाळली जाते.

घटकाच्या ओळीत आठ नोडांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. आधी खालच्या पृष्ठाचे चार नोड, वरून पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने, आणि नंतर त्यांच्या डोक्यावरचे चार त्याच क्रमाने द्यायचे असतात. क्रम उलटा झाला तर गणिताच्या लेखी त्या विटेचे घनफळ ऋण ठरते आणि सॉल्व्हर थांबतो. पातळ पत्र्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कवच घटकांत मात्र उलट क्रम चालून जातो. पत्र्याची ‘वरची’ बाजू तेवढी खाली होते, आणि त्या बाजूवर लावलेला दाब आतून बाहेर ढकलण्याऐवजी बाहेरून आत ढकलू लागतो.

घटकाच्या नावातही पुष्कळ दडलेले आहे. ‘सी३डी८’ म्हणजे त्रिमितीय, आठ नोडांची वीट. या विटेच्या कडा सरळच राहतात, त्यामुळे उंचीत एकच वीट असलेली तुळई वाकवायला गेले की तिला खऱ्या तुळईसारखा बाक घेता येत नाही, खोटे कर्तन, म्हणजे थर एकमेकांवर घसरवू पाहणारे बल, निर्माण होते आणि तुळई आहे त्यापेक्षा बरीच ताठ भासते. याला कर्तनबंध म्हणता येईल. नावाच्या शेवटी ‘आर’ हे एक अक्षर वाढवले तर सॉल्व्हर विटेतल्या आठ ठिकाणांऐवजी केवळ मध्यबिंदूवर हिशेब करतो. तुळई वाकताना मध्यबिंदूवर ना ताण असतो ना दाब, म्हणून तीच तुळई आता प्रमाणाबाहेर लवचीक होते. कडांच्या मध्यावर जादा नोड असलेली वीस नोडांची वीट घेतली, तर एवढ्याच दहा घटकांतून उत्तर जवळजवळ अचूक येते. एकाच तुळईची तीन निरनिराळी उत्तरे नावातल्या एक-दोन अक्षरांमुळे येतात, आणि तिन्ही वेळा सॉल्व्हर काम यशस्वी झाल्याचेच कळवतो.

पण सर्वांत जास्त घात एककांमुळे होतो. वरच्या फाइलीत कोठेही ‘मिलिमीटर’ किंवा ‘न्यूटन’ हे शब्द नाहीत, आणि ॲबॅकस, कॅल्क्युलिक्स, नॅस्ट्रान यांच्या फाइलींत ते लिहायचेही नसतात. संख्या एकमेकींशी सुसंगत ठेवणे ही सर्वस्वी लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये धरले की प्रतिबल न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये येते. इथवर कोणाचा गोंधळ होत नाही. काळ सेकंदांत असेल तर वस्तुमान मात्र किलोग्रॅममध्ये नव्हे, टनांत धरावे लागते, आणि पोलादाची घनता पाठ्यपुस्तकातल्या ७८५० ऐवजी ७.८५ई-९ अशी, म्हणजे दशांशचिन्हानंतर आठ शून्ये देऊन, लिहावी लागते. कोणी सरळ बुद्धीने किलोग्रॅम प्रति घन मिलिमीटर धरून ७.८५ई-६ लिहिले, तर ३९ किलोच्या तुळईचे स्ववजन ३८५ न्यूटनऐवजी ३,८५,००० न्यूटन होते आणि तिची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे ती आपणहून ज्या वेगाने थरथरते तो दर, जवळपास बत्तीस पटींनी घटतो.

याहून फसवा प्रकार स्थितिस्थापकता गुणांकाचा आहे. लांबी मिलिमीटरमध्ये असताना कोणी हा गुणांक पास्कलमध्ये, म्हणजे दहा लाख पटींनी मोठा लिहिला, तर तुळईचे टोक दहा लाख पटींनी कमी वाकते. परंतु प्रतिबल अजिबात बदलत नाही. एकाच टोकाशी धरलेल्या तुळईतले प्रतिबल केवळ भार आणि आकार यांवर ठरते, ती पोलादाची आहे की लाकडाची यावर नाही. ज्याने फक्त प्रतिबलाचे रंगीत चित्र पाहिले त्याला सर्व काही आलबेल दिसते. म्हणूनच जाणकार विश्लेषक प्रतिबलाआधी सरकणे पाहतो आणि हाताने करता येणाऱ्या गणिताशी ताडतो: पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे या तुळईचे टोक ०.३८ मिलिमीटर खाली यायला हवे आणि बुडाशी सर्वाधिक प्रतिबल १२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असायला हवे.

शुद्ध, सुसंगत, एकही तक्रार न येता चाललेली फाइलही किती महागात पडू शकते, याचे नॉर्वेतील उदाहरण प्रसिद्ध आहे. उत्तर समुद्रातील वायू काढण्यासाठी बांधलेल्या स्लाइपनर-ए या मंचाचा पाया २४ काँक्रीटच्या पोकळ कोठ्यांचा होता आणि त्यांतल्या चार कोठ्या खांबांच्या रूपाने वर नेल्या होत्या. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये चाचणीसाठी पाया पाण्यात खाली उतरवला जात असताना एका कोठीची भिंत फुटली, आत येणारे पाणी पंपांना आवरेना आणि संपूर्ण पाया बुडून तळावर आदळला. हा आघात भूकंपमापकांवर ३.० तीव्रतेचा नोंदला गेला आणि एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे धरले जाते. चौकशीत जे निघाले ते फाइल लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तीन कोठ्या जेथे मिळतात त्या त्रिकोणी पोकळीच्या भिंतींचे विश्लेषण नॅस्ट्राननेच झाले होते, पण तेथली जाळी विरळ आणि तिरकस घटकांची असल्याने भिंतीतले कर्तन प्रतिबल ४७ टक्क्यांनी कमी आले. त्यावर विसंबून भिंती पातळ ठेवल्या गेल्या आणि मोक्याच्या जागी सळयाही तोकड्या पडल्या. नंतर जाळी नीट आखून केलेल्या विश्लेषणात ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. पद्धत खोटी नव्हती आणि प्रोग्रॅमही बिघडलेला नव्हता. त्याला जे घटक लिहून दिले होते त्यांचे गणित त्याने बिनचूक केले होते.

असे असूनही मजकुराची फाइल ही टाकाऊ, जुनी सोय मानणे योग्य होणार नाही. उलट प्रीप्रोसेसरच्या खिडक्यांपेक्षा तीच अधिक भरवशाची आहे. खिडक्यांत विखुरलेली गृहीतके फाइलीत एका जागी उघडी पडतात आणि दुसरा माणूस ती वाचू शकतो. कालची आणि आजची फाइल शेजारी ठेवून नेमकी कोणती ओळ बदलली हे संगणकाकडूनच काढून घेता येते. भिंतीची जाडी बदलत पन्नास पर्याय तपासायचे असतील तर पायथनमधला छोटा प्रोग्रॅम पन्नास फाइली लिहून देतो. नोडांची लांबलचक यादी वेगळ्या फाइलीत ठेवून मुख्य फाइलीत ‘इन्क्लूड’ आदेशाने जोडण्याची चालही चांगली आहे, कारण मग पदार्थ, आधार आणि भार यांची माणसाने वाचायची पाने दोन-तीनच उरतात. पथ्य एवढेच, की असली फाइल वर्ड-प्रोसेसरमध्ये उघडू नये. तो शहाणपणा करून वजाचिन्हाची लांब रेघ करतो, आणि सॉल्व्हरला त्या रेघेत वजाबाकी दिसत नाही. साधा नोटपॅड पुरतो.

महाराष्ट्रातील स्थापत्य अभियंत्यांना अशा मजकुराच्या फाइलीची सवय स्टॅड-प्रो या प्रोग्रॅममुळे वेगळ्या वाटेने झालेली आहे. इमारतींच्या सांगाड्यांसाठी सल्लागारांच्या कचेऱ्यांत तो दीर्घकाळ वापरात असून त्याची फाइल जवळजवळ इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येते: आधी एकके, मग सांध्यांचे सहनिर्देशक, मग कोणती तुळई किंवा खांब कोणत्या दोन सांध्यांना जोडतो, मग आधार, मग भार. एकके स्पष्ट लिहावी लागतात हा या भाषेचा मोठा गुण. खोड एकच: येथे उभी दिशा ‘वाय’ असते आणि इतर अनेक प्रोग्रॅममध्ये ‘झेड’. दोहोंमध्ये माहितीची ने-आण करताना हे विसरले गेले, तर इमारतीचे स्ववजन तिला खाली न दाबता आडवे ढकलू लागते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालांत रंगीत प्रतिबलचित्रांची पाने भरपूर असतात, परंतु ती ज्या फाइलीतून आली ती फाइल बहुधा जोडलेली नसते. विद्यार्थ्यांनी वरची ४४ नोडांची तुळई एकदा तरी हाताने टंकून पाहावी, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी यापुढे अहवाल स्वीकारताना चित्रांसोबत मूळ फाइल, तिच्यात वापरलेली एकके आणि प्रतिक्रियांची बेरीज मागून घ्यावी.